दारावरची तिरकी पाटी

मेहुणा: भाऊजी, पुन्हा त्याच जिन्याशी आलो आपण. सगळ्या पाट्या नीट वाचल्यात ना?

पेंटर: वाचल्या. शिलाई मशीन दुरुस्ती, दातांचा डॉक्टर, नृत्याचा वर्ग. दारुड्यांची सभा कुठंच नाही. ज्यांना संध्याकाळी स्वतःचं घर सापडत नाही, ते सभेचा पत्ता काय धड देणार? चल घरी.

मेहुणा: कुणाच्या?

पेंटर: तुझ्या.

मेहुणा: माझ्या घरी आज सभेला बसल्यानंतरच. आणि तुमच्या घरी तर ताई कडीही काढणार नाही. सकाळीच फोनवर म्हणाली, तिथं जाऊन बसले तर पुढचं बोलू, नाही बसले तर त्यांचं नाव माझ्यापुढं काढू नकोस.

पेंटर: तुझी ताई म्हणजे हायकोर्ट.

मेहुणा: हायकोर्टात निदान तारीख मिळते. तुम्हाला तिनं तारखा देऊन झाल्या.

पेंटर: आणि तिथं बसून करायचं काय? एकानं उठून रडायचं, बाकीच्यांनी माना डोलवायच्या. गटारातून उचललेली माणसं सगळी. मी त्यांतला नाही. मी घेतो, ती गोष्ट वेगळी. मी कारागीर आहे. निम्म्या बाजाराच्या पाट्या या हातानं लिहिल्यात.

मेहुणा: लिहिल्या होत्या. माझ्या औषधांच्या दुकानाची पाटी लिहायला बसलात तेव्हा काय झालं? आधी रंग दाट होता. मग ब्रश मेला होता. मग डोळ्यांवर ऊन येत होतं. शेवटी शिडी हलते म्हणालात. शिडी मी धरली होती, भाऊजी. शिडी हलत नव्हती.

पेंटर: तुला पाटीतलं काय कळतं? गोळ्या मोज.

मेहुणा: बरं. ते टोकाचं दार राहिलं का?

पेंटर: कुठलं? ते होय. बघितलं मघाशीच.

मेहुणा: त्यावरही काहीतरी आहे. लांबून मला नुसते निळे फराटे दिसतात. चष्मा दुकानातच राहिला.

पेंटर: चष्मा असता तरी फराटेच दिसले असते. ती पाटी नाही, अक्षरांवर काढलेला सूड आहे. शिरोरेघ बघ, दोरीवर ओले कपडे टाकल्यासारखी मधेच खाली आलीय. आणि तो 'भ'? कुणीतरी त्याला जिन्यावरून ढकललाय.

मेहुणा: लिहिलंय काय पण?

पेंटर: असलं अक्षर मी बघतो आणि पुढं जातो. वाचत नाही.

मेहुणा: वाचा.

पेंटर: 'दारू सोडायची असलेल्यांची सभा. आत या.'

मेहुणा: म्हणजे इतका वेळ आपण याच दारावरून जातोय-येतोय.

पेंटर: अक्षरच असं असल्यावर अर्थाकडं कोण बघतं?

मेहुणा: तुम्ही. तेवढ्यासाठी तर तुम्हाला पाट्या वाचायला सांगितल्या होत्या.

(दार उघडते. दारात इस्त्रीचा सदरा घातलेला एक बारीक माणूस.)

बारीक माणूस: आवाज ओळखीचा वाटला म्हणून बघायला आलो. ये.

पेंटर: तिरक्या? तू यांच्यात?

मेहुणा: तुम्ही ओळखता यांना?

पेंटर: हाही पाट्याच लिहायचा, माझ्या समोरच्या गाळ्यात. याच्या हाताखालून एक ओळ सरळ गेली नाही कधी. तिरक्या हे नाव मीच पाडलं.

तिरक्या: आणि सगळ्या बाजारानं उचललं. नातेवाईकसुद्धा त्याच नावानं पत्ता विचारतात.

पेंटर: मग ही दारावरची शोभाही तुझीच. आतली माणसं कशी असतील ते कळलं. चल रे मेहुण्या, याच्या शेजारी बसण्याइतका मी खाली आलेलो नाही.

तिरक्या: माझीच. इथं नवा आलो तेव्हाची. उजवं मनगट डाव्या हातानं धरून लिहिली.

पेंटर: आता नाही थरथरत हात तुझा. दिसतंय मला. पुसून नीट का नाही लिहिलीस? लाज नाही वाटत?

तिरक्या: पुसायला रॉकेलचा बोळा घेऊन उभा होतो. आतल्यांनी थांबवलं. एकजण म्हणाला, छान पाटी असती तर मला वाटलं असतं हा डॉक्टरचा दवाखाना आहे, आणि मी तसाच खाली उतरलो असतो.

पेंटर: अडाणी आहेत सगळे.

तिरक्या: असतील. चहा घेणार? अर्धाच कप मिळेल.

पेंटर: त्यातही चिक्कूपणा.

तिरक्या: नव्या माणसाला अर्धाच देतो आम्ही. भरलेला सांडतो.

मेहुणा: भाऊजी? निघायचंय का?

पेंटर: थांब जरा. तुझा सांडायचा, तिरक्या?

तिरक्या: बशीत, सदऱ्यावर, शेजारच्याच्या मांडीवर. कुणी बघितल्यासारखं करत नव्हतं.

पेंटर: मी बोलणार नाही काही. आधीच सांगतो.

तिरक्या: नको बोलूस. खिडकीजवळची खुर्ची रिकामी आहे. माझ्यापासून लांबही आहे.

मेहुणा: मी खाली थांबतो.

पेंटर: कशाला, पहाऱ्याला? दुकान उघड जा. लोक तापानं फणफणत असतील.

मेहुणा: ताई फोनची वाट बघत असेल. काय सांगू?

पेंटर: बसलेत म्हणून सांग.

मेहुणा: आणि आता सुधारतील, असंही सांगू का?

पेंटर: नको. बसलेत एवढंच सांग. दुसरं तिनं फार वेळा ऐकलंय.