चांदीच्या मोटारीखालचा शिक्का

विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीची वर्षं होती, मी तेव्हा वालूरला मास्तर होतो. आमची थोरली नुकतीच झाली होती. बायकोच्या माहेरून निजामाच्या काळातली चांदीची छोटी खेळण्यातली मोटार आली होती. ती मोडून लेकीला वाळे करावेत म्हणून मी सेलूला एका म्हाताऱ्या सोनाराकडे गेलो.

त्यांनी मोटार उलटी केली, खालच्या शिक्क्यावर भिंग धरलं. मग पेटीतून एक जुना ठसा काढून लाखेवर दाबला. मोटारीखाली होतं तेच पान उमटलं, तेच तुटकं टोक.

"हा ठसा आमच्या वडलांचा," ते म्हणाले. "मी दोन वर्साचा असताना ते गेले. त्यांच्या हातचं काम आज पयल्यांदा बघायलोय, मास्तर."

मी म्हणालो, "मग ही तुमच्याकडंच राहू द्या."

"न्हाई. त्यांनी कुण्या लेकरासाठी केली असंल. तुमच्या लेकीला खेळू द्या. फकस्त थोडा वेळ बसा."

मी बसलो. तो साठीचा माणूस एका बोटानं मोटार गादीवर पुढं-मागं फिरवायला लागला, आणि तोंडानं हळूच घुर्र घुर्र आवाज काढायला लागला.