येताना हात हलवत

कॉम्प्युटरच्या दुकानात मांडीवर बिघडलेला प्रिंटर घेऊन बसलेल्या शिक्षिकेच्या कानावर शेजारच्या म्हाताऱ्या नवरा-बायकोचं बोलणं आपसूक पडत होतं.

“मेमरीवर वेग बत्तीसशे छापलाय आणि स्क्रीनवर सोळाशे दिसतोय. टोपी घातली गं आपल्याला.”

“कुणी नाही घातली. सोळाशे हे तिच्या आतल्या घड्याळाचे ठोके. पण दर ठोक्याला ती दोनदा माहिती पाठवते, ठोका चढताना एकदा आणि उतरताना एकदा. म्हणून बत्तीसशे.”

“असं कसं?”

“मी गच्चीवर जाते तसं. जाताना ओले कपडे नेते, येताना वाळलेले आणते. फेरी एकच.”

“मीही जातोच की.”

“जाता. येताना हात हलवत येता.”

“ही मेमरी तुझ्या वाढदिवसाची भेट होती. तुला अर्धीच दिली, या विचाराने रात्रभर झोप नाही.”

“ठाऊक आहे. कूस बदलत होतात. पुरती दिलीत हो.”

म्हातारा उठला. चहाचा रिकामा कप कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवून बायकोसाठी पाण्याचा ग्लास घेऊन आला.

“बघ, जाताना कप, येताना पाणी. झालो ना बत्तीसशे?”

ती सावकाश पाणी प्यायली.

“झालात. आता टेबलावर विसरलेला तुमचा चष्मा आणा. आणि जाताना हा ग्लास न्या.”