मार्केट बदललंय म्हणत्यात

...आणि वर मलाच विचारत्यात, "आप्पा, तुमास्नी कन्सोल पायजे का पीसी?" आता तुमास्नी सांगतो, अख्खी नोकरी निपाणी डेपोत काढलेला माणूस मी, मारुतीराव ड्रायव्हर आला म्हटलं की चिकोडीच्या स्टँडावरचा चहावाला न विचारता बिनसाखरेचा कप पुढं सरकवायचा, मला क्लच म्हायत, ब्रेक म्हायत, घाटात गाडी कशी धरायची ते म्हायत, ह्यो कन्सोल कुणाच्या गावचा मला काय म्हायत? पण आमचा सौरव, बेळगावात कॅम्पात हापिसाला जातो त्यो, म्हणाला, "आप्पा, पीसीचं दिवस गेलं. कन्सोल घ्या, टीव्हीला लावलं की चालू." आणि त्येची थोरली बहीण दिपाली, चिकोडीच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवती, ती म्हणाली, "ह्येचं काय ऐकू नका. आता सगळे गेम पीसीवर येत्यात. मार्केट बदललंय." मार्केट बदललंय म्हणत्यात. कुठलं मार्केट, कवा बदललं, कुणाला विचारून बदललं... काय न्हाय. बदललंय.

आता ह्या वयात गेमचं खूळ कुठनं आलं म्हणाल, तर ते आलं माझ्या गुडघ्यातनं. रिटायर झालो आणि डावा गुडघा बसला. आपरेशन झालं. डॉक्टर म्हणाला, "आता गाडी बंद. मोटरसायकलसुद्धा न्हाय." मी म्हटलं बरं. बरं म्हटलं खरं, पण खुर्चीत टेकलो की डावा पाय आपला क्लच शोधायचा, जेवताना डावा हात गियर टाकायचा आणि आमटीची वाटी आडवी व्हायची. दारातनं गाडी गेली की आवाजावरनं सांगायचो, स्प्रिंगचा पाटा गेलाय हिचा. कुणाला सांगायचो? भिंतीला. बोलणं कमी झालं, जेवण कमी झालं, आणि एक दिवस आमच्या मंडळीनं, गुणाबाईनं, पोरास्नी फोन केला. "तुमचं आप्पा घरात बसून वाळायला लागल्यात. कायतर करा."

ते कायतर म्हणजे हे. सौरव आधी घरात पोचला म्हणून कन्सोल पैला आला. संगं स्टेरिंग, खाली पायडल. खोटं सांगत न्हाय, स्टेरिंगला हात लावला आणि अंगठा आपला हॉर्न शोधायला लागला. आणि मग टीव्हीवर आली कार. लाल, बुटकी, दोन सीटची. मी म्हटलं, "पॅसेंजर कुठं बसायचं?" सौरव म्हणतो, "आप्पा, ही रेस हाय. फक्त पळवायची." बरं, पळवायची. पण सवय कुठं जाती हो? वळण आलं की मी हॉर्न देणार, मागनं कोण आलं की साईड देणार. सगळ्यास्नी साईड दिली. सगळी गेली. मी शेवटी आलो, पण गाडीला एक खरचटा न्हाय, आणि मशीन मलाच म्हणतंय, हारला. आता गाडी धड आणली तर माणूस हारतो कसा?

मी म्हटलं, "सौरव, ह्यात बस न्हाय का रं? साधी बस, स्टॉपला थांबणारी?" त्यो डोकं खाजवायला लागला. "हाय की आप्पा... पण तसली, खरीखुरी चालवायची बस पीसीवर हाय. कन्सोलवर धड न्हाय." फोनवर दिपाली ऐकत हुती, तिचं हसू मला हितं निपाणीत दिसलं. "मी म्हटलं न्हवतं? मार्केट बदललंय."

मग निघाली वरात बेळगावला, खासबागात महादेवच्या दुकानात. भला माणूस. "बर्री बर्री" असं कानडीत या-या म्हणून खुर्ची दिली, चहा सांगितला आणि विचारतो काय, ग्राफिक्स कार्ड कुठलं घालू, पंखं किती लावू, डबा कुठला दाखवू? मी दिपालीकडं बघितलं. "अगं, मशीन घ्यायला आलोय का करून घ्यायला?" ती म्हणाली, "पीसी असाच असतोय आप्पा. एकेक सामान आपण निवडायचं." तवा मला उजेड पडला. कन्सोल म्हणजे शोरूममधनं आलेली तयार गाडी, बसा आणि चला. आणि पीसी म्हणजे नुसता सांगाडा, चेसी, आणून बॉडी बांधून घेणं. बॉडी बांधायच्या शेडमध्ये मी लई बसलोय, ते मला कळतंय. मग मीच सांगितलं, पंखं भरपूर लाव, इंजन तापता कामा न्हाय.

पीसी घरात आला. गेम घातला, तेच स्टेरिंग लावलं. बस आली हो... निळी, लांब, मोठ्या काचेची. मी बसलो, पायडल दाबलं, आणि गाडी अडकत, धक्के खात... जरा पुढं जाती, थांबती, पडदा काळा. दिपालीला फोन लावला, स्पीकर चालू, गुणाबाई फोन धरून उभी. तिनं हे बघा, ते बघा केलं आणि सरळ म्हणाली, "आप्पा, ड्रायव्हर जुना झालाय."

मी पायडलवरनं पाय काढला.

"त्येच्यामुळंच गाडी अडकायलीय. जुना ड्रायव्हर काढून टाकायचा, नवा घालायचा. लई सोपं हाय."

तुमास्नी सांगतो, रिटायर झालो त्या दिवशी डेपोत हार घातला, नारळ दिला, साहेब चार शब्द बोलले, पण हे वाक्य कुणी तोंडावर म्हटलं न्हवतं. आणि माझी लेक म्हणतीया, स्पीकरवर, आईच्या समोर. मी म्हटलं, "काढा. काढून टाका." आणि बाहेर पायरीवर जाऊन बसलो. आतनं गुणाबाईचा आवाज आला, "अगं, बापाला असं बोलत्यात व्हय?" आणि तिकडनं दिपाली, "आई, मी काय बोललो?"

आयतवारी ती चिकोडीवरनं आली. चप्पल काढली न्हाय, तशीच पायरीवर माझ्याजवळ बसली. म्हणाली, "आप्पा, पीसीत ड्रायव्हर म्हणजे माणूस न्हवं. कार्ड कसं चालवायचं ते मशीनला सांगणारी गोष्ट असती ती."

"त्यो नसला तर?"

"तर एवढं भारी कार्ड नुसतं पडून राहतंय. त्येच्याशिवाय काय हालत न्हाय."

मी म्हटलं, "मग असं बोलायचं की." ती हसली. मग तिच्या डोळ्यात पाणीबी आलं, ती म्हणाली धूळ गेली. मी म्हटलं, व्हय, धूळ लई हाय हितं.

गाडी सुरू झाली. परदेशातलं कुठलं तर गाव. रस्त्याला खड्डा न्हाय, आडवी म्हस न्हाय, टपावर पोतं न्हाय, पॅसेंजर सुट्ट्यावरनं भांडत न्हायत. पैलं दोन दिवस करमलं न्हाय. मग लागलो. आमटीची वाटी आता सरळ असती.

दिवाळीला दोघं घरात आली आणि पुन्हा तेच. सौरव म्हणतो, "आक्का, कन्सोलच बरं, कटकट न्हाय." दिपाली म्हणती, "अरं, आता कन्सोल आतनं पीसीसारखंच, आणि पीसी टीव्हीला लावून कन्सोलसारखा खेळत्यात. मार्केट बदललंय." आणि झालं काय? सौरव माझ्या पीसीवर बसला त्यो उठंना, जाताना महादेवला फोन करून स्वतःला एक सांगितला. आणि दिपालीचं लेकरू सौम्या कन्सोलचा रिमोट सोडंना, म्हणून स्टेरिंग हितंच ठेवून कन्सोल गेला चिकोडीला. म्हणजे पीसीवाली कन्सोल घेऊन गेली आणि कन्सोलवाला पीसी. आता ह्येला मार्केट बदललं म्हणायचं का पॅसेंजरनी सीट बदलली म्हणायचं, तुमीच सांगा.

आमचं मार्केट वेगळ्याच बाजूनं बदललं. मी बस चालवताना गुणाबाई मेथी निवडत शेजारी बसायची. एक दिवस म्हणाली, "ती म्हातारी पळत येत हुती, घेतलं न्हाय तुमी."

"टायम झालता."

"जन्मभर असंच केलं काय हो?"

मी पुढचा स्टॉप घेतला. तिनं मेथी बाजूला सारली, पदराला हात पुसला आणि म्हणाली, "व्हा बाजूला."

जिनं कधी सायकल चालवली न्हाय, ती स्टेरिंगवर बसली. पैल्या दिवशी दोन खांब पाडलं. आता मात्र गाडी बैलगाडीगत जाती, पळत येणाऱ्या सगळ्यास्नी घेती, टायम तर कवाच पाळत न्हाय, पण पॅसेंजर खूश, आणि गेममधली कंपनी तिला माझ्यापेक्षा जास्त मार्काच्या चांदण्या देती. सौरव म्हणतो, "आप्पा, तुमास्नी दुसरा पीसी घेऊया का?" मी म्हटलं नगं रं बाबा, एका गाडीत दोघांचं भागतंय. दार उघडायचं बटण तिनं माझ्याकडं दिलंय... तेबी ती सांगंल तवाच दाबायचं.