अध्यक्ष मारोती

धर्मादाय कार्यालयाच्या रांगेत बिल्कीसच्या पुढे वलगावचे महादेवराव आपल्या वकिलाशी हुज्जत घालत होते. देवळाचा ट्रस्ट नोंदवायचा होता, आणि बिल्कीसचे दोन्ही कान तिकडेच लागले होते.

"काका, अध्यक्ष म्हणून तुमी मारोतीचंच नाव लेहलं?"

"मंग? देऊळ कोनाचं हाय?"

"अवो, नोंदणीच्या अर्जावर अध्यक्षाची सही लागते!"

"गावातल्या वरच्या वेटाळातला अध्यक्ष केला त खालच्या वस्तीतले रुसतेत, खालचा केला त वरचे. मारोतीच्या नावावर कोनी तोंड उघडलं नाही. एकमतानं ठराव झाला."

"तरी मानूसच लागन. मारोतीले म्हना, राजीनामा दे."

"तो कायले देते? खुर्ची भेटल्यावर आमच्या गावात आजवर कोनी राजीनामा देल्ला हाय का, वकीलसाहेब?"