त्याच सहा फ्रेमा

(चष्म्याचं दुकान, दुपारची वेळ. एम.ए.ला ग्राहकांचं मानसशास्त्र शिकणारी पुतणी वही उघडून बसली आहे. काउंटरमागे काकू काचा पुसते आहे.)

पुतणी: …म्हणजे बघ काकू, ज्या दिवशी चोवीस फ्रेमा मांडल्या, त्या दिवशी दहा गिऱ्हाइकांतल्या तिघांनी फ्रेम घेतली. सहाच मांडल्या, त्या दिवशी दहांतल्या सात जणांनी!

काकू: अगं बाई! एवढा फरक?

पुतणी: समोर फार वस्तू आल्या की माणूस गोंधळतो आणि काढता पाय घेतो. माझा अख्खा प्रबंध यावर उभा आहे. परवा सरांच्या हातात द्यायचाय. एवढंच सांग, मी दिलेल्या चिठ्ठीतल्या त्याच सहा सगळ्यांपुढे मांडल्या होत्यास ना?

काकू: चिठ्ठीतल्या कशा? ज्याला ज्या शोभतील त्या.

पुतणी: ज्याला ज्या?

काकू: मग काय, सगळ्यांपुढे तुझ्या चिठ्ठीतली ती जांभळी ठेवू? कुणी ढुंकून तरी बघितलं असतं का? सहाच ठेवायच्या, तर निदान कामाच्या ठेवाव्यात. माणूस आत आला की मी त्याच्यापुरता ट्रे भरायचे.

पुतणी: काकू! आणि चोवीसच्या दिवशी?

काकू: तेव्हा सगळंच समोर. लोक आपापलं बघायचे, मी काचा पुसायचे.

पुतणी: झालं कल्याण! म्हणजे कमी फ्रेमांमुळे झालं की तुझ्यामुळे, देव जाणे.

काकू: चुकलंच गं माझं. पण हे कळणार कुणाला? मी तोंडातून ब्र काढायची नाही.

पुतणी: …मला कळलंय ना आता.

काकू: आणि परवा नाही दिलास तर?

पुतणी: पदवी सहा महिने पुढे. बाबा घर डोक्यावर घेतील.

काकू: भावोजींना मी बघते. तू रडू नकोस हं.

पुतणी: रडत नाहीये. काकू, माणूस दारातून आत येतो. तेवढ्यात कुठल्या सहा, हे तुला कसं कळतं?

काकू: अगं, त्यात काय एवढं? कधी विचारच नाही केला.

पुतणी: आता कर. मी नवीन पान काढलंय.

काकू: हे बघ… जुना चष्मा काढून ठेवला की माणूस क्षणभर बावरतो. तेव्हा तो सोबतच्या माणसाकडे वळतो की माझ्याकडे, ते मी आधी बघते.