भावाचा फॉर्म मी भरला

(बिबवेवाडीतल्या एका व्यसनमुक्ती केंद्रात काम करणाऱ्या सुमनताईंनी सांगितलं, तसंच लिहून घेतलेलं.)

मी मूळची मांजरी गावची. आमचं शेत नव्हतं, आईबाप लोकांच्या उसात राबायचे, आता त्या उसाच्या जागी बिल्डिंगी झाल्यात, पण आपल्याला काय त्याचं, ऊसबी आमचा नव्हता अन् बिल्डिंगीबी आमच्या नाहीत. आई गेली तेव्हा मी नववीत व्हते अन् माझा भाऊ बाळू चार वर्षांचा. शाळा तिथंच सुटली. त्याला मी वाढवला. आंघोळ, शेंबूड, पाढे, सगळं मी. त्यो मला आक्का म्हणतो, पण खरं विचाराल तर आई मीच. माझ्यासमोर त्यो कधी मान वर करून बोलला नाय, अन् मला त्याचा लई अभिमान व्हता. आता वाटतं, बोलला असता चार शब्द तर बरं झालं असतं.

लग्न होऊन मी बिबवेवाडीत आले. मालक रिक्षा चालवतात, माणूस बरा हाय, बोलतो कमी अन् टोचतो जास्त. पोरं मोठी झाल्यावर मी या केंद्रात झाडलोटीला लागले. दारूवाले, गांजावाले, पावडरवाले, झोपडीतले येतात अन् बंगल्यातलेबी येतात, उलट्या सगळ्यांच्या सारख्याच. एकदा भिंतीवरचे नियम मी मोठ्यानं वाचत व्हते, ते आमच्या मॅडमनी ऐकलं. मॅडम म्हणजे पेशंटशी बोलून त्यांना सावरतात त्या. म्हणाल्या, अहो सुमनताई, किती स्वच्छ वाचता तुम्ही. झालं, तेव्हापासून ज्याला वाचता येत नाय त्याचा फॉर्म माझ्याकडं.

फॉर्म म्हणजे काय, सांगते. घरी सोडायच्या आधी वीस प्रश्न विचारायचे. जुने दोस्त भेटले तर घ्यायची किती ओढ लागेल? घरात भांडण झालं तर? एकटं बसलं की? अंग दुखायला लागलं की? लग्नात नाचताना, लई आनंद झाला की? प्रत्येकाला शून्य ते पाच आकडा द्यायचा. आता आकडा म्हटलं की माणसं गोंधळतात, म्हणून मी बोटं दाखवायला सांगायची. मूठ म्हणजे ओढ नाय, पाची बोटं म्हणजे आवरणारच नाय. जिथं बोटं जास्त, तिथं मॅडम त्या माणसाला धरून बसायच्या, असं झालं तर कुठं जाशील, कुणाला फोन करशील, सगळं बोलून घ्यायच्या, अन् मगच सोडायच्या. मला म्हणायच्या, तोंडाकडं बघू नका, हाताकडं बघा, अन् सगळी शून्यं आली तर आधी मला सांगा, मला पाचाची भीती वाटत नाही, शून्यांची वाटते.

आणि अशा ठिकाणी माझाच भाऊ आला. काय सांगू तुम्हाला. बाळू फरशी बसवायचा, मांजरीलाच, त्या नव्या बिल्डिंगीत. हात असा की मालकिणी त्याचं नाव घेऊन बोलवायच्या. तिथंच कुणीतरी पावडर दिली, गर्द म्हणतात ती. वर्षभरात बायको माहेरी गेली, हत्यारं गेली, अंगावर मांस राहिलं नाय. चुलतभावाची सही घेऊन मी त्याला आमच्याच केंद्रात घातला. त्याचं आडनाव माहेरचं, माझं सासरचं, कुणाला कळलं नाय अन् मीबी सांगितलं नाय. का नाय सांगितलं? लाज. दुसरं काय नाय. दुसऱ्यांच्या बहिणींना मी तोंड वर करून सांगायची की बाई लपवू नका, अन् माझं मी गिळून बसले. बाळूलाबी म्हणलं, इथं मला आक्का म्हणू नको.

तीन महिने नीट राहिला. पाढ्यांच्या पुढं त्याची शाळा गेली नाय, वाचता त्यालाबी येत नाय, म्हणून त्याचा फॉर्म आला माझ्याच हातात. तेव्हाच उठून मॅडमला सांगायचं व्हतं की हा माझा भाऊ हाय, दुसऱ्या कुणाला बसवा. नाय सांगितलं. बसले त्याच्यासमोर. जुने दोस्त? मूठ. भांडण? मूठ. एकटं असताना? मूठ. खाली मान घालून नुसती मूठ. मला कळत व्हतं हो! माझ्यासमोर त्यो दुसरं काय दाखवणार व्हता? पण मन मोठं लबाड असतं, मला वाटलं, खरंच सुटलं असेल.

सगळी शून्यं गेली तर मॅडम सोडणार नाहीत, म्हणून मीच अक्कल चालवली. दोस्तांपुढं दोन लिहिला, भांडणापुढं दोन, अंगदुखीपुढं एक. एक प्रश्न व्हता, घरच्या माणसांनी माया केली, विश्वास टाकला, तेव्हा किती ओढ लागते. त्यो तर मी वाचलाच नाय. म्हणलं, घरचं माणूस मीच हाय, त्यात काय विचारायचं? शून्य लिहून मोकळी झाले. मॅडम म्हणाल्या, चांगला आलाय फॉर्म.

घरी आणला. त्याला आवडतं म्हणून शेंगदाण्याचा म्हाद्या केला, भाकरी केल्या, समोर बसून वाढलं. तोंडावरून हात फिरवला अन् म्हणलं, बाळू, आता मला तुझी काळजी नाय. चौथ्या दिवशी जेवता जेवता उठला, आलोच म्हणाला. दुपार व्हती. संध्याकाळपर्यंत आला नाय म्हणून मालकांनी रिक्षा काढली. मांजरीच्या त्या बिल्डिंगीत सापडला, ज्या खोलीत त्यानंच फरशी बसवली व्हती तिथं, उजव्या हातावर पडलेला, तोंड निळं. मध्ये खंड पडला की जुना डोस अंगाला झेपत नाय, हे मी दहा जणांना वाचून दाखवलेलं हाय.

जगला. पण अंगाखाली दबून त्यो हात गेला, मनगटातून नुसता लोंबतो. शुद्धीवर आल्यावर मी विचारलं, का केलंस रे. तर म्हणतो, आक्का, तू चांगलं बोललीस की मला वाटतं मी तुझा जन्म खाल्ला, मग दुसरं काय सुचत नाय.

मॅडमला सगळं सांगितलं. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. म्हणाल्या, सुमनताई, फॉर्म खोटा असला तरी चालतो, पण खोटा आहे हे मला कळायला हवं. फॉर्मचं काम गेलं, आता मी केंद्राच्या स्वयंपाकघरात असते. बाळू परत इथंच हाय. नवीन मुलीनं त्याचा फॉर्म घेतला, मी पलीकडं कांदा चिरत व्हते. दोस्तांना तीन म्हणाला. एकटं असताना दोन. मग तिनं घरच्यांच्या मायेचा प्रश्न वाचला, अन् त्यो पाच म्हणाला, तोंडानं, स्पष्ट. मी चिरत राहिले. रडले, खोटं कशाला सांगू, पण कधी नाय ते त्यो माझ्यापुढं खरं बोलला.

सुटल्यावर त्याला मॅडम दुसरीकडं ठेवणार हायत, अशाच सुटलेल्या माणसांच्यात. कुठं ते मी विचारलं नाय. देव करो अन् तिथं त्याचं नीट चालो. त्याचं नीट बसेपर्यंत मी भेटायचं नाय. यंदा भाऊबीजेला येऊ नको, असा निरोप मीच पाठवलाय.