बाईंची दुसरी चाल

—नाही, बसा ना गुरामकाका, ती खुर्ची ओढा, जिना चढून दमला असाल. काय सांगत होते मी? हां. मला वाटलं होतं, परत आले की इथे खजिना सापडेल. रॉटरडॅमला शिकत होते तेव्हा मी सगळ्यांना सांगत फिरायचे—आमच्या सामत्रेदिया गावात बुद्धिबळाची एक चाल आहे, बाकी जगानं टाकून दिलेली, पण आमच्या त्सियालाबाईंनी आयुष्यभर जपली, आमच्या क्लबातल्या सगळ्या बायका तीच खेळतात, एक दिवस बघाल तुम्ही. आणि आल्यावर सापडलं काय? काही नाही. म्हणजे—तुमच्यासमोर असं म्हणू नये मी, तुमची बायको होत्या त्या. पण क्लबातल्या मुलींना मी बाईंची चाल शिकवणार का, हे विचारायलाच आलात ना सकाळी सकाळी? मग ऐका.

पट आहेच इथे, मांडूनच दाखवते. पांढऱ्यानं राजापुढचं प्यादं दोन घरं. काळ्यानं वजिराकडच्या उंटापुढचं दोन घरं. पांढऱ्याचा घोडा बाहेर. इथवर सगळं जग असंच खेळतं. आता काळ्यानं काहीतरी कामाचं करायचं—घोडा काढायचा, मधलं प्यादं हलवायचं—तर बाई काय करायच्या? हे टोकाचं, हत्तीपुढचं प्यादं, एक घर पुढे. बस्स. त्यांची दुसरी चाल. लहान असताना मी म्हटलं होतं, बाई, हे काय, दार किलकिलं करून बघितल्यासारखं? तर म्हणाल्या, "बघू तर दे, कोण आलंय." आता पांढऱ्यानं वजिरापुढचं प्यादं धडाक्यात दोन घरं टाकलं—बहुतेक जण टाकतातच, हात आपोआप जातो—तर काळ्याची चंगळ. पण पांढरा जरा थांबला आणि त्यानं आपलं वजिराकडच्या उंटापुढचं हे प्यादं सरकवलं, हे असं, नुसतं एक घर—की बाईंची चाल फुकट गेली. काळा हरत नाही लगेच, पण एक पाऊल मागे पडतो. कॉम्प्युटरला विचारा, तोही तेच सांगतो. आता तुम्हीच सांगा, समोरच्याला माहीत नसेल तोवरच जी चालते, ती शिकायची कशाला?

आणि मला वाटत होतं, ह्या एका घरावर इतक्या वर्षांत इथे कुणीतरी डोकं फोडलं असेल. आल्यापासून क्लबातले जुने डाव लावून बघत होते, रोज—एकातही पांढऱ्यानं ते प्यादं सरकवलेलं नाही. एकातही नाही! म्हटलं, ह्या बायकांना सुचलंच नाही की काय?

काल कळलं. काल बाईंना जाऊन वर्ष झालं त्याचं जेवण आटोपल्यावर तुम्ही पुरुष मंडळी टेबलाशीच होतात, तमादा भाषण करून एकेक पेला उचलायला लावतोय ते काही संपेना, आणि आम्ही बायका इथे वर क्लबात आलो. बाईंच्या नावानं एकेक डाव खेळायचा, असं ठरलं. काळ्या सोंगट्यांनी अर्थातच सगळ्या त्यांचीच चाल खेळणार. माझ्याकडे पांढऱ्या होत्या. समोर मानाना—औषधाच्या दुकानातली. तिनं टोकाचं प्यादं सरकवलं आणि माझा हात ह्या उंटापुढच्या प्याद्यावर गेला. काका, सगळ्या माझ्या हाताकडे बघायला लागल्या. शेजारच्या पटांवरच्यासुद्धा. मानाना हळूच म्हणते, "आज नको गं, नेस्तान." मी म्हटलं, "आज नको म्हणजे?" तर पलीकडून एतेरी—तिची जीभ तुम्हाला माहीत आहे—"आज नको, उद्या नको आणि माझ्या मयताच्या दिवशीही नको! हॉलंडात काय चीजबरोबर उद्धटपणा फुकट वाटतात का?" सगळ्या हसल्या. आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. सगळ्यांना माहीत होतं! पहिल्यापासून. कुणी कुणाशी बोललं नव्हतं, पण ह्या खोलीत ते प्यादं सरकवायचं नाही. बाईंना वाईट वाटेल. म्हणून वर्षानुवर्षं सगळ्या आपल्या मुद्दाम—

हे तुम्हाला सांगायचं नव्हतं मला. खरंच नव्हतं. "बघू काका, अभ्यास करू" म्हणून कालची चीज भरलेली खाचापुरी बांधून तुम्हाला पाठवणार होते. काल मग काय केलं मी? काही नाही. वजिरापुढचं टाकलं, सगळ्यांसारखं. हरले. रडूही आलं नाही. बाई गेल्याचा फोन आला होता तेव्हाही नव्हतं आलं. फोन ठेवला आणि मोजे धुतले. दाताच्या डॉक्टरकडून आल्यावर आपण गाल चाचपतो ना—गाल आपलाच असतो, पण लागत काही नाही—तसं आहे अजून.

पण शनिवारी कुताईसीला सामना आहे, काका. तिथल्या मुली आमच्या रिवाजाला काय भीक घालणार आहेत? सरळ सरकवतील ते प्यादं. आमच्या मुलींनी त्याच्यापुढचं काही पाहिलेलंच नाही, त्या बसतील बघत, आणि परत येताना गाडीत कुणाची तरी आई म्हणणार, बिचारीला काही येत नव्हतं, त्सियालाला. ते मला ऐकायचं नाहीये. म्हणून मघाशी चहा पिता पिता ठरवून टाकलं, ही चाल बंद. शिकवायचीही नाही, नावही काढायचं नाही. निदान कुणी हसणार तरी—

काय करताय? काळ्याचा घोडा कशाला काढलात? थांबा, अजून पांढऱ्याचं ते प्यादं सरकवलेलंच आहे पटावर. हां, त्यालाच उत्तर? तुम्हाला कुणी शिकवलं हे? तुम्ही तर क्लबात कधी—घरी? तुम्ही घरी खेळायचात बाईंशी? आणि हेच प्यादं? दर वेळी?

म्हणजे त्यांना माहीत होतं. रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात तुम्ही त्यांना दाखवत होतात, आणि दुसऱ्या दिवशी त्या इथे वर येऊन आम्हा सगळ्यांना आपले लाड करू देत होत्या. हसताय काय काका? मी आल्यापासून ते जुने डाव उकरत बसले—जाऊ दे. पुढे दाखवा. मी पांढरी. राजाचं प्यादं घोड्यावर ढकलते. घोडा मधोमध. बरं. मग? अच्छा, आणि टोकाचं ते आत्ता कामाला येतं—त्याच्या आधारानं शेजारचं प्यादं दोन घरं, आणि मागे उंट तिरपा. हे वाईट नाहीये. चांगलं आहे? चांगलंही नाही. जास्त करून कोण जिंकायचं? तुम्ही. आणि तरी त्या दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच सरकवायच्या.

हं.

नाही, शनिवारी नाही. शनिवारी मुली आपलं नेहमीचं साधं खेळतील, इतक्या दिवसांत हे अंगवळणी पडायचं नाही. त्यात बदल नाही, तुम्ही कसंही बघा माझ्याकडे. पण आजचा तास मी इथूनच सुरू करणार. पांढऱ्यानं प्यादं सरकवलंय, काळ्याची पाळी, बोला आता. आणि मानाना येऊ दे, एतेरी येऊ दे, त्यांनाही ह्याच पटावर बसवते.

उठा आता काका, मुली येतीलच. खाचापुरी तिथे फडक्यात बांधलीय, घेऊन जा. आणि बाहीनं सोंगट्या पाडू नका. आहे तसा राहू दे पट.